बुसानची बियर, नोव्हायची सोलकढी

बियर मला माझ्या कंपनीनं शिकवली. मंडळाच्या हळदीकुंकवाला हे वाक्य मी मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणते, कारण त्यानंतर जी शांतता पसरते ती मला फार आवडते. कुणाच्या तरी हातातली गुलाबदाणी हवेतच थांबते. "ऑफिसच्या पार्टीत का गं?" असं म्हणून एखादी माझी अब्रू वाचवायला धावते. मी म्हणते, "छे, कोरियात. समुद्राकाठी. आणि रोज!" मग मात्र सगळ्याजणी खुर्च्या पुढे ओढतात.

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. इथल्या बहुतेक मराठी घरांत कुणी ना कुणी गाड्यांच्या धंद्यात असतं. कुणी इंजिनात, कुणी ब्रेकमध्ये. माझ्या वाट्याला सीट आली. आमच्या सीटचे सांगाडे दक्षिण कोरियात, बुसान नावाच्या बंदराच्या गावी बनायचे. सीट कुरकुरायला लागली की कंपनी मला विमानात बसवून तिकडे धाडायची. मी दिवसभर सीटवर बसून उठायचे, उठून बसायचे, कान लावून ऐकायचे. संध्याकाळी तिथली मंडळी विचारायची, "आता समुद्रावर जाऊ या?" मला वाटायचं, भेळ खायला.

भेळ नव्हती. वाळूच्या मागे एक गल्ली होती आणि त्या गल्लीत घरोघरी बियर होती. दुकानातली, डब्यातली नव्हे. जिन्याखाली, माडीवर, जुन्या गोदामात, लोकांनी स्वतःच्या टाक्यांत मुरवलेली. फळ्यावर खडूनं रोज नवी नावं. एक बियर युजा नावाच्या लिंबाच्या सालीची, एक लाल आंबट बोरांची, एक कॉफीसारखी काळीकुट्ट, आणि एकीत चक्क मीठ. बनवणारे बहुतेक नोकरी सोडलेले इंजिनियर. कुणी जहाजाच्या कारखान्यातून पळालेला, कुणी टायरच्या. पुण्यात मिसळीवरून जशी घराणी पडतात आणि एका घराण्याचा माणूस दुसऱ्याच्या मिसळीकडे बघतसुद्धा नाही, तसा त्या गल्लीतला कारभार. "ती बियर? ती पर्यटकांसाठी," असं शेजारच्या दाराकडे बोट दाखवून सांगायचे. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

काचेच्या पलीकडे समुद्र, समुद्रावर दिव्यांनी लखलखणारा लांबच लांब पूल, समोर तळलेला मासा आणि हातात ती खारट बियर. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला विचारात पडले. तिसऱ्याला मी खुर्ची वळवून समुद्राकडे तोंड केलं आणि त्यानंतर कुणाशी बोलले नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट किती दुर्मिळ आहे, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

मला तिथे नेणारा मुलगा आमच्या सांगाड्यांचं वेल्डिंग तपासायचा. माझ्यापेक्षा बराच लहान, लाजाळू, बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघणारा. आधी तो मला मॅनेजर म्हणायचा. पुढे ओळख वाढली तसा नूना म्हणायला लागला. नूना म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. मी त्याला धाकटा म्हणायला लागले, आणि त्यालाही तो शब्द पाठ झाला. एकदा त्याच्या आईनं जेवायला बोलावलं, तेव्हा मी नोव्हायहून आणलेल्या चकल्या डब्यात भरून नेल्या. दोन दिवसांनी डबा परत आला, तो जड होता. उघडून बघते तर आत भाजलेलं, तीळ लावलेलं समुद्री शेवाळ!

"डबा रिकामा कसा द्यायचा?" धाकटा बुटांना म्हणाला. "आईला चालत नाही."

"अरे, आमच्याकडेसुद्धा चालत नाही!" मी ओरडले. आनंदानं. त्या आनंदाची किंमत पुढे किती मोठी असणार आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

काही वर्षांनी धाकट्याच्या बायकोची बदली तिच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात झाली. कुठे? नोव्हायला! तिच्यामागून हाही आला, आणि त्यानं ते करून टाकलं जे त्या गल्लीतल्या सगळ्यांनी केलं होतं: वेल्डिंगला रामराम ठोकला. आमच्या घरापासून जवळच, कराटे क्लास आणि टायरच्या दुकानाच्या मधल्या गाळ्यात त्यानं टाक्या मांडल्या, चार टेबलं टाकली आणि बियर विकायला लागला.

मी गिऱ्हाईक नंबर एक. तिथे त्यानं मला ग्राउलर दिला. ग्राउलर म्हणजे बियर घरी न्यायची भलीमोठी तपकिरी काचेची बाटली, मानेला बोट अडकवायला कान असलेली. संपली की विसळून परत न्यायची, पुन्हा भरून घ्यायची. थोडक्यात, ही रिकामीच परत करायची वस्तू आहे. सगळा धंदा त्यावरच चालतो. आणि ती पडली कुणाच्या हातात? माझ्या!

पहिल्यांदा मी तिच्यात पन्हं भरून नेलं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बाटली बियरनं भरून दिली, आणि पन्ह्याची परतफेड म्हणून वर किमचीची, म्हणजे त्यांच्या कोबीच्या लोणच्याची, बरणी. आता बरणी आली म्हटल्यावर ती रिकामी कशी द्यायची? बरणीत लिंबाचं लोणचं गेलं, बाटलीत ताक. बरणीतून सुके मासे आले, आमच्या बोंबलाच्या लांबच्या नात्यातले. माझा नवरा सोलापूरचा. दारू, मासे आणि उधळपट्टी या तीन गोष्टींपासून लांब राहणारा. तो एक दिवस फ्रिज उघडून बराच वेळ उभा राहिला.

"यात आपलं स्वतःचं काय आहे?" त्यानं विचारलं.

"दूध."

"हे बघ, तुम्हा दोघांपैकी एकानं तरी भांडं रिकामं द्या. नाहीतर हे इन्फिनिट लूप आहे. कधीच थांबणार नाही."

"मी का थांबू? तो लहान आहे, त्यानं थांबावं."

"तो लहान आहे म्हणूनच तो थांबणार नाही, यार. त्याच्याकडे थोरल्यांकडून घेऊन परत काही न देणं हा उद्धटपणा नसतो का?"

असतो. पण भांड्यांना हा नियम लागू आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

धाकट्याचा धंदा बरा चालला होता, पण त्यात एक काटा होता. इथल्या लोकांना बियर कडूच हवी असते. कडू, त्याहून कडू, कडुनिंबाच्या काढ्याशी स्पर्धा करील अशी. तशी तो करायचा आणि ती खपायची. पण एका लहान टाकीत तो स्वतःच्या गावची बियर करायचा. आईनं पाठवलेली युजाची साल, समुद्राचं मीठ, अंगची आंबट. लोक एक घोट घ्यायचे आणि प्रेमानं विचारायचे, "आज काही बिघडलं का?" तो बुटांकडे बघायचा आणि म्हणायचा, "सॉरी."

"सॉरी काय म्हणतोस!" मी चिडायचे. "बिघडली नाही, अशीच असते, असं ठणकावून सांग."

"तुम्ही सांगता तसं मला येत नाही, नूना."

डेट्रॉइटमध्ये एक मोठा बियर हॉल आहे. भिंतभर नळ, आणि कोणत्या नळातून काय यायचं ते ठरवणारा एक दाढीवाला गृहस्थ. त्यानं एखादी बियर नळाला लावली की राज्याच्या दुसऱ्या टोकाहून लोक गाड्या काढून येतात. धाकटा कधीपासून त्याच्या मागे होता. शेवटी एकदा निरोप आला: शनिवारी अकराला ये, चव बघतो.

धाकट्याची बायको हिशेबी आणि सरळ. ती म्हणाली, त्यानंही नको म्हटलं तर ती टाकी कडू बियरला देऊन टाकायची, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. धाकट्यानं कबूल केलं. मला सांगताना त्याचा आवाज इतका शांत होता की मला कसंतरीच झालं.

"शनिवारी तो नाही म्हणाला तर मी ती बियर पुन्हा कधी बनवणार नाही. तुम्ही याल? तुम्ही बोला. मी फक्त ओतीन."

मी बोलू! मंडळाच्या नाटकांत मी राणीपासून मोलकरणीपर्यंत सगळं केलंय, प्रेताचं काम दिलं तेव्हासुद्धा दोन वाक्यं मागून घेतली होती. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. शनिवारी दुपारी आमच्याकडे काका-काकू जेवायला येणार आहेत, हे मला घरी पोहोचल्यावर आठवलं.

काका मूळचे नागपूरचे, निवृत्त सर्जन, आमच्या आधी कितीतरी वर्षं इकडे आलेले. त्यांच्या खाण्यापिण्यावर काकूंचा चोख बंदोबस्त असतो. बेत सुरमईचा होता. मी सकाळी उठून सुरमईला मसाला लावला, नारळ वाटला, आमसुलं भिजवली, लसूण-मिरची ठेचली आणि सोलकढी केली. घरात धाकट्याचा एक ग्राउलर विसळून पडला होता, परत करायचा. त्यातही कढी भरली आणि फ्रिजमध्ये ठेवली. पाहुण्यांची कढी पातेल्यात, खालच्या कप्प्यात, नवऱ्याला दिसेल अशी. निदान माझी तशी समजूत होती.

धाकटा आला तो टॉवेलात गुंडाळलेला ग्राउलर छातीशी धरून. त्या खेपेची ती शेवटची बाटली. टाकी रिकामी झाली होती, आणि नवी साल बुसानहून यायची होती.

"अरे ये, ये," नवरा म्हणाला. सर्दीनं त्याचं नाक चोंदलं होतं. "बाटली दे इकडे, गार राहू दे. तू चहा घे."

त्यानं बाटली फ्रिजमध्ये ठेवली. धाकट्याला थोरल्या माणसाला नको म्हणता येईना, म्हणून तो चहा प्यायला. मी समुद्री निळी इरकल नेसून, तोंडातल्या तोंडात भाषण घोकत आले, फ्रिज उघडला, समोरची बाटली उचलली, त्याच्या टॉवेलात गुंडाळली आणि आम्ही निघालो. हायवेवर तो सीटबेल्टच्या आत बाटली धरून बसला होता, तान्ह्या बाळासारखी.

दाढीवाला आमची वाट बघत होता. प्रचंड माणूस, पण आवाज बारीक आणि चेहरा असा, की आयुष्यात त्यानं फक्त वाईट बातम्या ऐकल्या असाव्यात. हॉल उघडायला अवकाश होता. टेबलावर तीन ग्लास होते, फुलाच्या आकाराचे. धाकट्यानं दोन्ही हातांनी बाटली टेबलावर ठेवली. मी कोट काढला आणि सुरुवात केली.

काय बोलले म्हणता! बुसानची संध्याकाळ उभी केली. डोंगर थेट पाण्यात उतरतात ते हातानं दाखवलं. पुलावरचे दिवे एकेक करून लावले. मासळीबाजारातल्या रबरी बूट घातलेल्या आज्यांना आणलं, वाऱ्याला आणलं, भिजलेल्या दोरांचा वास आणला. "हा माणूस तुम्हाला बियर देत नाहीये," मी आवाज खाली आणत म्हणाले, "त्याच्या गावचा वारा देतोय. एक घोट घ्या आणि डोळे मिटा. तुम्ही समुद्रावर असाल." आणि धाकट्याकडे हात केला, पडदा उघडायची खूण करतात तसा.

धाकट्यानं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. मला कळलं नाही, पण त्याला कळलं. त्याचा चेहरा पांढरा झाला. हात मात्र ओतायच्या तयारीतच होता, आणि त्यानं ओतलं. नारळाच्या दुधाला घाई नसते. ती फिकट गुलाबी कढी ग्लासच्या कडा धरून डौलानं खाली उतरली, आणि कोथिंबिरीचं एक पान वर तरंगलं.

मी धाकट्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. एवढ्या भाषणानंतर परक्या माणसासमोर थोरल्या बहिणीला खोटं पाडणं त्याच्या रक्तात नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तोवर दाढीवाल्यानं घोट घेऊन डोळे मिटलेसुद्धा.

मग त्यानं जीभ टाळूवर फिरवली.

"लसूण," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

"मिरची. नारळ. आणि एक आंबट फळ, मला माहीत नसलेलं." त्यानं ग्लास उजेडात धरला. "धाडस आहे. फार धाडस आहे. यात मासा हवासा वाटतो." त्यानं ग्लास हलवून बघितला. "पण फेस नाही. बुडबुडासुद्धा नाही. माफ करा, ही मेलेली आहे."

"मेलेली?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आज सकाळी नारळ वाटलाय मी! ताज्या कढीला मेलेली म्हणता?"

झालं! मग धाकटा खुर्चीवरून उठला, कमरेत वाकला आणि माझ्या ओळखीत पहिल्यांदा बुटांऐवजी माणसाकडे बघून बोलला.

"ही बियर नाही, सर. हे माझ्या बहिणीच्या गावचं पेय आहे. चुकीची बाटली आली. माझी चूक."

"त्याची नाही, माझी," मी म्हणाले.

दाढीवाल्यानं आधी कढीकडे, मग बाटलीकडे बघितलं. बाटलीवर धाकट्याच्या दुकानाचा शिक्का होता. "मग हे ग्राउलरमध्ये का भरलं?"

"परत द्यायचा होता," मी म्हणाले.

"कुणाला?"

"मला," धाकटा म्हणाला.

"म्हणजे ग्राउलर परत द्यायचा होता, म्हणून तुम्ही तो भरला."

"रिकामा कसा देणार?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्यानं समजून घ्यायचा खरोखर प्रयत्न केला. तुम्ही तो धुता का? हो. मग भरता का? हो. मग हा तो ओतून काढतो, पुन्हा धुतो आणि त्यात बियर भरतो? हो. मग रिकामाच का देत नाही? मी म्हटलं, बरं दिसत नाही. धाकटा म्हणाला, आईला कळलं तर? "आई कुठे असते?" "बुसानला." दाढीवाल्यानं हाताच्या तळव्यांनी तोंड चोळलं. "आणि खरी बियर?"

मी घरी फोन लावला. स्पीकरवर लावला, म्हणजे सगळ्यांसमोरच काय तो सोक्षमोक्ष लागेल.

"अहो, फ्रिजमध्ये दुसरी बाटली आहे ना? तपकिरी?"

"होती," नवरा म्हणाला. "काका-काकू लवकर आले. म्हटलं आधी कढी वाढू."

"कढी पातेल्यात होती!"

"पातेलं दिसलं नाही. बियर तर तुम्ही नेलीत, म्हटलं समोर उरलेली बाटली कढीची, ती वाढली. अगं, तुझ्या कढीला आज फेस आलाय. झाकण काढताना फुस्स झालं. आणि पिवळी आहे. मला वाटलं नवीन प्रयोग असेल. मागच्या महिन्यात तू आमसुलाऐवजी क्रॅनबेरी नव्हती का घातलीस?"

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. मराठी त्याला येत नव्हतं, पण फुस्स कळलं.

"किती वाढली?"

"काकूंनी एक घोट घेतला, म्हणाल्या आंबलीय. काकांना मात्र जाम आवडली. काकूंची वाटी पण त्यांनीच संपवली. म्हणतात, इतकी वर्षं जेवतोय इथे, पण कढी आज जमली."

"त्यांना थांबवा!"

"आग्रह करून वाढलेलं काढून घेऊ?"

दाढीवाल्याला मी सगळं भाषांतर करून सांगितलं. त्याच्या दाढीत काहीतरी हललं. त्यानं कढीचा उरलेला ग्लास उचलला आणि शांतपणे संपवला.

"हे कशाबरोबर खातात?"

"तळलेल्या माशाबरोबर. आणि भात."

तो धाकट्याकडे वळला. "आणि तुझी बियर?"

"तळलेल्या माशाबरोबर," धाकटा म्हणाला.

"मासा तळलाय?"

"मसाला लावून ठेवलाय," मी म्हणाले.

त्यानं खुंटीवरचं जाकीट काढलं.

तो त्याच्या ट्रकमधून आमच्या मागे नोव्हायपर्यंत आला. वाटेत धाकटा एकच वाक्य बोलला, "थोडी तरी उरली असेल ना?" मी गाडी जितकी पळवता येईल तितकी पळवली.

घरात शिरलो तर काका डायनिंग टेबलाशी प्रसन्न चेहऱ्यानं बसलेले, गाल गुलाबी. समोर बाटली, तळाशी जेमतेम ग्लासभर बियर. मी काकूंना मासे तळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात ओढलं. सुरमई तव्यावर टाकताना बाहेरचं ऐकू यावं म्हणून मी एक्झॉस्ट पंखा लावलाच नाही.

"काका," नवरा घसा साफ करत म्हणाला, "एक सांगायचंय. तुम्ही जे घेतलं ना, ती कढी नव्हती."

"हळू बोल बे," काका म्हणाले. "तुझी काकू आत आहे. जन्मभर डॉक्टरकी केली, मला काय बियर कळत नाही? पहिल्या घोटातच कळली. बोललो असतो तर तू काढून घेतली असतीस."

नवऱ्यानं तोंडातल्या तोंडात "यार" म्हटलं. मला आत हसू आवरेना.

"कशाला हसतेस गं?" काकूंनी विचारलं.

"काकांना कढी आवडली म्हणून."

"आज फारच आवडलीय," काकू म्हणाल्या. "एरवी जेवताना तोंडातून शब्द निघत नाही, आज मघापासून कॉलेजच्या गोष्टी सांगतायत."

मी मासे घेऊन बाहेर आले. ग्लास शोधायला कुणाला सवड नव्हती. धाकट्यानं दोन्ही हातांनी बाटली तिरपी केली आणि उरलेली बियर स्टीलच्या वाटीत ओतली. फेस येऊन विरला. दाढीवाल्यानं बोटांनी सुरमईचा तुकडा मोडला, खाल्ला, मग वाटी उचलली. एक घोट. पुन्हा मासा. पुन्हा घोट. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. बाहेर आमच्या अंगणात मार्चमधला मळका बर्फ होता, तो त्याकडेच बघत राहिला. मी भाषण करणार होते. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मासा संपला. वाटी संपली.

"मीठ जास्त आहे," दाढीवाला म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला. सॉरी म्हणाला नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"कमी करू नकोस." त्यानं दाढी पुसली. "एप्रिलमध्ये एक नळ मोकळा होतोय. किचनच्या दाराजवळचा, फार कुणाला दिसत नाही. सहा आठवडे लावीन. खपली तर ठेवीन, नाही खपली तर काढीन. आणि त्या आठवड्यांत आम्ही मासे तळू."

काकांनी इंग्रजीत "हिअर, हिअर" म्हणून टेबल वाजवलं. काकू आतून म्हणाल्या, "अहो, बीपी!"

साल आली, टाकी भरली, एप्रिल उजाडला. नळ सुरू व्हायच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून डेट्रॉइटला गेले. धाकटा हॉलच्या बाहेर, फुटपाथवर, मोठ्या काचेच्या एका कडेला उभा होता. आत जायला तयार नव्हता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. किचनच्या दाराजवळच्या स्टुलावर एक बाई बसली होती, ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात, समोर माशाची प्लेट. वेटरनं फिकट पिवळा ग्लास आणून ठेवला.

"आपलीच आहे," धाकटा कुजबुजला, काचेपलीकडे ऐकू जाणार असल्यासारखा.

तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं हा आता वळून गाडीकडे चालू लागणार. तो हलला नाही. तिनं ग्लास उचलून आत पाहिलं, वेटरला काहीतरी विचारलं, वेटरनं हसून खांदे उडवले. मग तिनं माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि ग्लास पुन्हा उचलला.

"नूना, दुसरा घेतला."

"बघितलं मी. आत चल आता, गारठलोय आपण."

"थांबा," धाकटा म्हणाला. त्याचं नाक काचेला टेकलं होतं. "तिसरा घेऊ दे."